उत्तरार्धातली आई

४ फेब्रुवारी

आज करारावर सही केली. माझ्या कादंबरीवर चित्रपट होणार, आणि पटकथा-संवाद मीच लिहायचे. म्हणजे पोटच्या पोराचे हातपाय मीच तोडायचे. परक्याने तोडले असते तर मला वाईट वाटलं असतं, म्हणून ही सोय.

निर्माता फरश्यांचा व्यापारी आहे. चित्रपटाकडेही तो मोरीकडे पाहावं तसं पाहतो. "लेखकसाहेब, गोष्टीला उतार पाहिजे. कुठंही पाणी साचता कामा नये." मी मान डोलावली. साहित्यसंमेलनांत याहून वाईट समीक्षा ऐकून घेतली आहे.

दिग्दर्शक माझ्या लेकीच्या वयाचा. त्याला मी मनातल्या मनात 'अप्रतिम' म्हणतो. तो प्रत्येक पानाला अप्रतिम म्हणतो आणि मग ते पान काढून टाकतो.

घरी येऊन बातमी सांगायला कुणी नव्हतं. आमची ही महिनाभर तिच्या आईकडे आहे. सासूबाईंचं डोकं आता साथ देत नाही. मेहुणा आणि त्याची बायको दोघंही नोकरीवर जातात, तेव्हा हिने जाणं ओघानेच आलं. निघताना मी विचारलं, "परत कधी येशील?" तर म्हणाली, "येईन की नाही ते आधी विचार. आणि हे तू मला विचारतोयस, की घरात चहा कोण करणार याची चौकशी करतोयस?"

मी हसलो. तिची कायमची तक्रार आहे की मी तिचं बोलणं ऐकत नाही. ऐकत नसतो तर हे शब्द न् शब्द इथे लिहिता आलं असतं का?

११ फेब्रुवारी

पहिलं वाचन. यांची कामाची पद्धत अशी की लिहिलेलं कुणी स्वतः वाचत नाही. दर आठवड्याला लेखकाने येऊन मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कचेरी एका व्यायामशाळेच्या वर आहे. खाली कुणीतरी वजनं आपटतं आणि माझ्या वाक्यांच्या मधोमध धप्प होतं. अप्रतिम जमिनीवर उताणा पडून डोळे मिटून ऐकतो. निर्माता खुर्चीत बसून ऐकतो आणि हसू आलं की मांडीवर थाप मारतो.

कादंबरीतले प्रसंग वाचले तेव्हा थापांवर थापा पडल्या. माझी नायिका आहेच तशी. साधी गृहिणी, पण जीभ अशी की समोरचा कापला गेल्याचं त्याला घरी गेल्यावर कळावं. कादंबरी आली तेव्हा सगळ्यांनी 'जिवंत संवाद' हे दोन शब्द वापरून वापरून गुळगुळीत केले होते.

नवे प्रसंग सुरू झाले आणि मांडी थंड पडली. अप्रतिमने एक डोळा उघडला. "सर, ही बाई इथं एकदम भाषण का द्यायला लागली?"

मी म्हटलं, "ती विचार करते आहे."

"तेच. आधी ती बोलत होती."

या पिढीला विचाराचं वावडं आहे.

१३ फेब्रुवारी

दोन दिवसांत एक पान. तेही फाडलं. घरात इतकी शांतता आहे की फ्रिज सुरू झाला तरी कुणी आल्यासारखं वाटतं. वर्षानुवर्षं मी याच शांततेसाठी भांडलो. "जरा गप्प बसशील का, मी लिहितोय," हे वाक्य या घरात रोज उच्चारलं गेलं असेल. आता शांतता मिळाली आहे आणि लिहिणं बंद आहे. दोष अप्रतिमचा. त्याने माझा आत्मविश्वास घालवला.

१५ फेब्रुवारी

संध्याकाळी हिला फोन केला. करायला हवाच होता, सासूबाईंची चौकशी केली नव्हती. त्यांना जरा डोळा लागला होता, त्यामुळे ही मोकळी होती. आणि बोलत सुटली.

"काय सांगू तुला! आईने चष्मा पिठाच्या डब्यात लपवला आणि मला म्हणते, चोर आले होते. मी म्हटलं, चोरांनी तुझा चष्मा नेऊन काय वाचायचं होतं? तर म्हणते, तुझ्या नवऱ्याची पुस्तकं. आणि दादा! संध्याकाळी येतो, दारातूनच विचारतो, आई कशी आहे? उत्तर यायच्या आत बूट काढून टीव्ही लावलेला असतो. त्याला उत्तर नकोच असतं रे. विचारल्याचं समाधान हवं असतं."

मेहुण्याचं अचूक वर्णन. हे पात्र घ्यायलाच हवं.

फोन ठेवला आणि कसा कोण जाणे, हात मोकळा झाला. बसल्या बैठकीला दोन प्रसंग.

१९ फेब्रुवारी

निर्मात्याने मांडी लाल करून घेतली. भाऊ आणि टीव्हीचा प्रसंग दोनदा वाचायला लावला. अप्रतिम म्हणाला, "सर, बाई परत आली!"

तक्रार एकच. उत्तरार्ध कोरडा आहे. मुलं मोठी होऊन गेली, नवरा आपल्या कामात, मग ही बाई बोलणार कुणाशी? मी खिडकीबाहेर पाहत बसलो होतो आणि अचानक सुचलं. म्हटलं, "तिची आई आणूया. म्हातारी. विसरायला लागलेली."

कधी कधी प्रतिभा अशी कुठूनही येते.

"आई अप्रतिम!" अप्रतिम उठून बसला.

निर्माता म्हणाला, "आई चालते. आईला उतार असतो. पाणी थेट डोळ्यांतून निघतं."

२७ फेब्रुवारी

हल्ली रोज फोन करतो. संध्याकाळी चहाचा कप घेऊन बसतो, कागद समोर असतात. तिला आता सवय झाली आहे, पहिल्या घंटीला उचलते. आज म्हणाली, "लग्नाआधीसुद्धा एवढे फोन करत नव्हतास. बरा आहेस ना?"

"बरा आहे. आई आज काय म्हणाल्या?"

"थांब ना जरा. आधी तू कसा आहेस ते तर सांग."

मी काय सांगणार? लिहितो, खातो, झोपतो. तेवढं सांगून टाकलं. मग तिने आईच्या आंघोळीची गंमत सांगितली. सासूबाईंना पाण्याची भीती वाटायला लागली आहे, म्हणून ही स्वतःच्या डोक्यावर आधी तांब्या ओतते. "बघ, मी बुडाले का?" मग त्या तयार होतात. रोज दोघी भिजतात. सांगताना ती इतकी हसत होती की मध्येच म्हणाली, "तू लिहून घेतोयस का रे?"

"छे गं!"

खोटं नव्हतं. त्याच क्षणी पेन अडकलं होतं.

३ मार्च

दोन दिवस अप्रतिमबरोबर जागा पाहत हिंडलो. त्याला एक असं स्वयंपाकघर हवंय की ज्यात 'वापर दिसतो'. सहा घरं पाहिली. शेवटी म्हणाला, "सर, तुमचंच का नको?" आला, पाहिलं, मान हलवली. "इथं कुणी राहत नाही असं वाटतं." भांडी घासून ठेवलेली होती, एवढाच माझा गुन्हा.

संध्याकाळी हिला हे सांगितलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "एक सांगू? निघाले तेव्हा मनाशी ठरवून निघाले होते. परत यायचं नाही म्हणून. भांडण नको, काही नको, नुसतं यायचं नाही. आता तू रोज विचारतोस, ऐकतोस. वाटतं, इथलं आटोपलं की यावं."

मी विचारलं, "आज आई काय म्हणाल्या?"

८ मार्च

आज ती रडली. फोन तिनेच केला, तोही भर दुपारी, हे आधी लिहायला हवं.

सकाळी ती आईचे केस विंचरत होती. सासूबाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "बाई, तुमचा हात हलका आहे हो. कुठून येता तुम्ही?"

ही म्हणाली, "इथूनच."

"मला एक मुलगी आहे. तिचाही हात असाच आहे. पण येत नाही ती."

"येईल हं. कामात असेल."

"कसलं काम! नवरा लेखक आहे तिचा. तो बोलत नाही, म्हणून दिवसभर तीच बोलत असते. दमते बिचारी. तुम्हाला कुठे भेटली तर सांगाल? म्हणावं, आई रागावलेली नाहीये. नुसती येऊन बस म्हणावं."

हे सांगताना तिचा आवाज तीनदा अडकला. मी मध्ये एकही शब्द बोललो नाही. शेवटी तिने विचारलं, "आहेस ना? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"एवढं छान तू आजवर कधी ऐकलं नव्हतंस," ती म्हणाली. "हलकं वाटलं रे."

फोन ठेवून तसाच लिहायला बसलो. समोरचा चहा निवला, तो तसाच राहिला. प्रसंग एका दमात उतरला, एक शब्द खोडावा लागला नाही. बदल एकच केला. नवरा लेखक आहे हे पडद्यावर बनावट वाटतं, म्हणून त्याला विमा कंपनीत नोकरी दिली.

१४ मार्च

आजचं वाचन विसरता येणार नाही. आई आणि केस विंचरणारी मुलगी. वाचून संपलं तेव्हा कुणीच हललं नाही. खाली वजनं आपटणारा थांबला होता की मलाच ऐकू येत नव्हतं, कोण जाणे. निर्मात्याने खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. अप्रतिम उठून बसला आणि जन्मात पहिल्यांदा अप्रतिम म्हणाला नाही.

नटीही आली होती. पन्नाशीची आहे, फार बोलत नाही, चष्मा पुसत बसते. तिने विचारलं, "ही बाई कुठे भेटेल?"

"कुठली?"

"ही. केस विंचरणारी."

"अशा बायका घरोघरी असतात," मी म्हटलं.

निर्माता मध्येच बोलला, "घरोघरी कशाला! लेखकसाहेबांच्याच घरी आहेत. वहिनी आईकडे गेल्यात, आईंचं असंच झालंय. तुम्हीच म्हणालात ना त्या दिवशी?"

नटीने चष्मा घातला आणि माझ्याकडे पाहिलं. मग पत्ता मागितला. मला काही तासनतास विचार करावा लागला नाही, देऊन टाकला. इतकी नावाजलेली बाई आपल्या दारात येणार, हिच्यासाठी तेवढाच विरंगुळा. घरात अडकून पडली आहे बिचारी. शिवाय आपला नवरा काय तोलामोलाचं काम करतोय तेही कळेल. हिला आधी सांगितलं नाही. म्हटलं, आश्चर्याचा धक्का देऊ.

२२ मार्च

आश्चर्याचा धक्का बसला.

फोन वाजला तेव्हा दाढी करत होतो. तसाच उचलला.

"तुमची नटी येऊन गेली," ही म्हणाली. तुमची! आम्ही कॉलेजातले. गेली तीस वर्षं ती मला 'तू' म्हणते. माझ्या कामामुळे आदर वाढला की काय, असं क्षणभर वाटून गेलं.

"कशी वाटली?"

"चांगली आहे. आईचे पाय दाबत बसली होती. मग म्हणाली, तुम्हाला ऐकायचंय का, सरांनी काय लिहिलंय ते? आणि वाचून दाखवलं. सगळं."

"मग?"

"मग काय? चष्मा, पीठ, तांब्या. दादाचे बूट. मी आपली ऐकतेय, आणि मला वाटतंय, हे कुणीतरी आधीच बोललंय."

मी हसलो. ती हसली नाही.

"ते केसांचं काढा," ती म्हणाली. "बाकी सगळं घ्या. भांडणं घ्या, माझं बडबडणं घ्या, इतकी वर्षं घेतलंच आहे, मी कधी हिशेब मागितला नाही. तेवढं एक नको."

"अगं, पण तोच तर चित्रपटाचा प्राण आहे. लोक रडले."

"ते मी लोकांना सांगितलं नव्हतं. लेखकालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं होतं."

मग तीच म्हणाली, "काढलात की फोन करा. मी येते परत. नाही काढलात तर करू नका."

अर्ध्या गालाला साबण तसाच होता. लेखकाला आणि नवऱ्याला, हे वाक्य मात्र फार चांगलं आहे. या चित्रपटात बसणार नाही.

२३ मार्च

लेकीचा फोन. ती परगावी नोकरी करते आणि एरवी माझ्या वाढदिवसाला फोन करते.

"बाबा, तू ते काढणार आहेस ना?"

"तुझ्यापर्यंत आलं का एवढ्यात?"

"आई बोलते माझ्याशी. काढणार ना?"

मी तिला कलाकृती म्हणजे काय ते समजावून सांगितलं. खासगी दुःख कलेत आलं की ते सगळ्यांचं होतं, वगैरे. चांगलं बोललो, एखाद्या व्याख्यानात उपयोगी पडेल. ती शेवटपर्यंत थांबली.

"बाबा, मला शाळेत मुलींनी बाथरूममध्ये कोंडलं होतं, ते मी तुला सांगितलं होतं. आठवतं? वर्गातल्या सगळ्यांनी ते तुझ्या पुस्तकात वाचलं. त्या दिवसापासून ते सगळ्यांचं झालं. माझं दुःख काही कमी झालं नाही."

"तो प्रसंग अभ्यासक्रमाला लागला होता," मी म्हटलं.

तिने फोन ठेवला. तिच्या पिढीला कशाचं कौतुक म्हणून नाही.

२५ मार्च

अप्रतिमकडे गेलो. जिना चढताना वाक्य तयार करून ठेवलं होतं. म्हटलं, "तो केसांचा प्रसंग... काढायचा म्हटलं तर?"

त्याने आजवर माझी इतकी पानं काढली आहेत की मला वाटलं, हा 'अप्रतिम, काढू' म्हणेल आणि प्रश्न मिटेल. पण तो गंभीर झाला.

"घरून काही अडचण आहे का, सर?"

"तसं काही नाही. म्हणजे, थोडंसं."

"तुम्ही नको म्हणालात तर तो प्रसंग नाही घेणार. चित्रपट लंगडा होईल, पण नाही घेणार. तुमचा शब्द शेवटचा. बोला."

खाली धप्प झालं. तो वाट पाहत होता. मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

असा पेच दुसऱ्यावर टाकणं हा शुद्ध भित्रेपणा आहे. दिग्दर्शकाने निर्णय घ्यायला हवा. निर्णय घेता येत नसेल तर दिग्दर्शक कशाला व्हावं माणसाने!

२ एप्रिल

विचार चालू आहे.

फोन करू नका असं तिनेच म्हटलंय, तेव्हा केला नाही. तिच्या शब्दाचा मी मान राखतो आहे, हे कुणाच्या लक्षात येणार नाही.

वर्तमानपत्रात छोटी बातमी आली आहे. 'संवेदनशील लेखकाची पडद्यावर झेप.' फोटो जुना छापला आहे. त्यात माझ्या खांद्यावर एका बाईचा हात आहे, बाकीची कापली आहे. हा हात हिचाच.

९ एप्रिल

चित्रीकरणाचा दिवस. एक भाड्याचं घर घेतलंय. त्यात स्वयंपाकघराला 'वापर' यावा म्हणून दोन माणसं सकाळपासून फोडण्या देऊन भिंती काळ्या करत होती. कला म्हणतात ती हीच.

आज केसांचा प्रसंग. अप्रतिमने मला एकदाच विचारलं, "सर?" मी कागद नीट करत होतो. त्याने आणखी वाट पाहिली नाही.

म्हातारीचं काम करणारी बाई खुर्चीत बसली, नटी मागे कंगवा घेऊन उभी राहिली. तालीम झाली आणि नटी अडली.

"ती म्हणते, नुसती येऊन बस म्हणावं. मग? मुलगी मग काय करते?"

"तिथे प्रसंग संपतो," मी म्हटलं.

"कागदावर संपतो. पण ती तर कंगवा हातात घेऊन उभीच आहे ना. तिने काहीतरी केलं असेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिवे तापत होते. मला खरंच माहीत नव्हतं. हिने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. प्रसंग पुरा झाला असं वाटून मी फोन ठेवायची वाट पाहत होतो.

बाहेरच्या गॅलरीत जाऊन फोन लावला. पहिलीच घंटी.

"काढलात?" तिने विचारलं. आवाजात काहीतरी उजेडासारखं होतं, दुसरा शब्द सापडत नाही.

"आई कशा आहेत?"

"झोपून आहेत आता. बोलत नाहीत. काढलात ना?"

"त्याच गडबडीत आहे बघ. एक विचारायचं होतं. त्या दिवशी, आई तसं म्हणाल्यावर... तू पुढे काय केलंस?"

"कधी?"

"केस विंचरताना. त्या येऊन बस म्हणाल्या, त्यानंतर."

मला वाटलं रेंज गेली. मी दोनदा 'हॅलो' म्हटलं. मग तिकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. आपटला नाही. बाळ झोपलेल्या खोलीचं दार लावावं तसा ठेवला.

आत आलो. नटीने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"विशेष काही नाही."

"मला त्यांनी सांगितलं होतं, तुम्ही हा प्रसंग काढणार आहात म्हणून. मला वाटलं आज होणारच नाही."

"शेवटी ती कबूल झाली," मी म्हटलं.

हे अगदीच खोटं नाही. तिने फोन ठेवला, 'नाही' असं म्हटलं नाही.

नटीने माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून कुणाकडे तरी दिला आणि शॉट दिला. म्हातारीचं वाक्य झालं. नटीने काहीच केलं नाही. कंगव्यात अडकलेले चार पांढरे केस काढले आणि बोटाला गुंडाळत उभी राहिली. मला रडू कोसळलं. अगदी खरं रडू, मी थांबवूच शकलो नाही. दिवेवाल्यापासून निर्मात्यापर्यंत सगळ्यांनी पाहिलं. अप्रतिमने मला मिठी मारली. निर्माता म्हणाला, "असा लेखक पाहिजे! स्वतः लिहितो, स्वतः रडतो!"

१७ एप्रिल

सासूबाई काल पहाटे गेल्या. मेहुण्याने कळवलं. "भावजी, या. गडबड नको, जमेल तसं या." मी पहिली बस पकडली.

मेहुण्याचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. पोचलो तेव्हा सगळे विधी उरकून माणसं परतलेली होती. दाराबाहेर चपलांचा ढीग. दार लोटलेलं होतं आणि आत बायका बोलत होत्या. त्यांत हिचा आवाज. बऱ्याच दिवसांनी ऐकला. भराभर बोलत होती, आणि मग एकदम सगळ्या हसल्या. दुःखाच्या घरातलं हसू वेगळंच असतं. भिजलेलं असतं. पुन्हा तिचा आवाज, पुन्हा हसू. शब्द लागत नव्हते. एवढं जिवंत ती गेल्या कित्येक वर्षांत माझ्यासमोर बोललेली आठवत नाही.

मी बेल वाजवणार होतो. वाजवली नाही. बेल वाजवली की बोलणं तुटलं असतं. दाराला जरा कान लावला.

तेवढ्यात दार उघडलं. मेहुण्याची मुलगी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर येत होती. "अय्या, आतोबा! इथं काय करताय, आत या ना!"

आत सगळ्यांनी वळून पाहिलं. माझी लेकही तिथे होती, आईच्या पायाशी बसलेली. हिने आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. हात सदऱ्याच्या खिशावर होता. पेन तिथेच असतं, त्याला मी काय करू?

"झालं ऐकून?" ती म्हणाली.

"आत्ताच आलो," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि थोडी सरकून मला बसायला जागा दिली. त्यानंतर ती बोलली नाही. रागाने नव्हे, रागवली असती तर बोलली असती. कुणीच बोललं नाही. एक बाई पाणी घेऊन आली. एक जण म्हणाली, निघते मी. मग दुसरी. मी असेपर्यंत त्या खोलीत भांड्यांचा तेवढा आवाज होता.

निघताना मी दारात तिला म्हटलं, "चल घरी. झालं ना आता इथलं सगळं." ती मला दारापर्यंत सोडायला आली होती, पाहुण्याला सोडतात तशी. तिने माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली, सवयीने, आणि आत गेली.

२९ एप्रिल

लेकीने दोन पेट्या नेल्या. आईचे कपडे आणि शिवणयंत्र. आई मामाकडेच राहणार, जवळच्या शाळेत शिवण शिकवणार. मी म्हटलं, शिकव म्हणावं, छंद चांगला आहे. लेक म्हणाली, "छंद नाही, नोकरी आहे."

अप्रतिम सांगतो की ज्यांनी ज्यांनी आतापर्यंतचं चित्रीकरण पाहिलं ते केसांच्या प्रसंगाबद्दलच बोलतात. दुसरा चित्रपट लिहाल का म्हणून विचारलंय. या वेळी कादंबरी नको, थेट पडद्यासाठी.

कल्पना तयारच होती. सकाळी बसलो. एक माणूस दाराबाहेर उभा आहे. आत बायका बोलताहेत, हसताहेत. तो आत जातो आणि सगळ्या गप्प होतात. इतकंच, पण त्यात सगळं आहे. माणूस छान उतरला. जिना, चपलांचा ढीग, लोटलेलं दार, सगळं नेमकं. मग दाराच्या आत गेलो आणि थांबलो. त्या आधी काय बोलत होत्या? ते लिहिल्याशिवाय गप्प होण्याला अर्थच नाही. तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहिलं. सगळ्या बायका माझ्यासारख्या बोलतात.

दुपारी लेकीला फोन लावला. ती तिथे होती, तिला माहीत असणार.

"त्या दिवशी मी आत यायच्या आधी तुम्ही सगळ्या हसत होतात, ते कशावरून गं?"

"का?"

"सहज. वाटलं, माझ्याबद्दल काहीतरी असेल."

तिने श्वास घेतल्याचं ऐकू आलं. चिडेल असं वाटलं होतं, पण ती लहान मुलाला सांगावं तसं हळू आवाजात म्हणाली, "नाही रे बाबा. तुझा विषयच नव्हता."

फोन ठेवल्यावर हे वाक्य कागदावर घेतलं. मग खोडलं. पुन्हा लिहिलं. त्या खोलीतल्या कुणाच्या तोंडी ते द्यावं, हे काही केल्या ठरत नाही.